उन्हाळी पेटीतलं निळं पुस्तक

"पुस्तकं बघून निवड, माणसं बघून निवडू नकोस," शशिकलाकाकू म्हणाल्या होत्या. "माणसं बघायला लागलीस की पेटी राहील बाजूला आणि तू त्या घरांमध्येच अडकशील."

सुनेत्राने मान डोलावली, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि ते बोलणं काकूंच्या अर्धवट बांधलेल्या सामानातच सोडून आली. बदलीवर निघालेल्या बाईला जाता जाता चार उपदेश करावेसे वाटतातच, असं तिने घरी येऊन माधवला, आपल्या नवऱ्याला, हसत सांगितलंही. काकू नागपूरला गेल्या आणि चंडीगढच्या मराठी मंडळाची उन्हाळी पेटी सुनेत्राकडे आली.

ते चौऱ्याहत्तर साल. मंडळाचं पुस्तकांचं एकुलतं एक कपाट अध्यक्षीण रत्नप्रभाबाईंच्या सेक्टर सातमधल्या बंगल्यात होतं. उन्हाळ्यात बाई पुण्याला जात, बंगल्याला कुलूप लागे आणि मागे राहिलेली मराठी घरं वाचायला काही नाही म्हणून सांगलीहून आलेले शेंगदाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत बसत. म्हणून कधीतरी ही पद्धत पडली. एप्रिल लागला की एका बाईने कपाटातून तीसेक पुस्तकं निवडायची आणि हिरव्या पत्र्याच्या पेटीत भरायची. दर घरासाठी तीन पुस्तकांचा गठ्ठा नाडीने बांधायचा, वर नावाची चिठ्ठी. दर पंधरा दिवसांनी पेटी रिक्षात बसून घरोघर फिरायची. लोक नवा गठ्ठा काढून घ्यायचे, जुना परत टाकायचे आणि शेवटी पेटी निवडणाऱ्या बाईकडे यायची, पुढच्या फेरीसाठी.

नियम दोनच. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडायचा नाही. जिथे वाचन थांबेल तिथे कडुनिंबाची डहाळी ठेवायची. खूणही राहते आणि कसरही लागत नाही. हा काकूंचा नियम. दुसरा रत्नप्रभाबाईंचा. तो त्यांच्याच ठसठशीत अक्षरात पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता: 'उन्हाळ्यात हलकेफुलके वाचावे. रडकी पुस्तके पेटीत घालू नयेत.'

सुनेत्रा मराठी घेऊन बी.ए. झालेली, कोल्हापूरची. तिला हा दुसरा नियम वाचूनच चेव आला. ऋतूप्रमाणे भाजी बदलते तसं वाचनही बदलतं, हे तिला मान्य होतं. पण बाहेर लू सुटलेली असताना, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून हात दुखत असताना माणसाला विनोदच हवा असतो हे कोणी ठरवलं? तिने कपाटासमोर फतकल मारली आणि ज्यात पाणी आहे अशी पुस्तकं आधी काढली. नदीकाठची, बंदरावरची, धुक्यातल्या डोंगराची. चंडीमंदिरच्या लष्करी क्वार्टरमधल्या शालिनीबाई मूळच्या रत्नागिरीच्या, नवरा सीमेवर. त्यांच्या गठ्ठ्यात समुद्र गेला. वामनराव निवृत्तीला आलेले, घरात कोणी बोलायला नाही. त्यांना सगळ्यात जाड प्रवासवर्णन. चार वर्षांची लीना शेजारी बसून एकेक पुस्तक उघडून बघत होती.

"मम्मी, इसमें फोटो नहीं है."

"आई म्हण."

"आई, इसमें भी फोटो नहीं है."

थोडक्यात, सुनेत्रा पहिल्या दिवसापासून माणसं बघूनच निवडत होती.

सेक्टर वीसमधल्या वरच्या मजल्यावरची शुभदा त्या यादीतली सगळ्यात सोपी. साताऱ्याची, श्रीपादची बायको, तेवीस वर्षांची, संक्रांतीच्या हळदीकुंकवात सगळ्यांच्या आधी कपाटाशी जाऊन उभी राहिलेली. मराठी शाळेतल्या ग्रंथालयाची पुस्तकं संपली म्हणून मुख्याध्यापकांच्या घरची वाचली, असं तिने सांगितलं होतं. सातव्या महिन्यात तिला डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही माहेरी जाता आलं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. आई मेमध्ये येणार होती. अशा मुलीला काय हवं? भरपूर हवं. सुनेत्राने तिला तीन जाडजूड कादंबऱ्या बांधल्या.

पहिली फेरी परत आली तेव्हा शुभदाच्या तिन्ही पुस्तकांत डहाळी होती. एकात अकराव्या पानावर, एकात बाराव्या, एकात चौदाव्या.

"नवं बाळ आहे," सुनेत्रा माधवला म्हणाली. "मीही वेडीच. जाड पुस्तकं कुणी देतं का बाळंतिणीला?"

दुसऱ्या फेरीत तिने हलक्या गोष्टी दिल्या. डहाळ्या अकराव्या, अकराव्या आणि तेराव्या पानावर परत आल्या. मग रहस्यकथा दिल्या. त्या तर खाली ठेवता येत नाहीत म्हणतात. बारा, अकरा, बारा. नऊ पुस्तकं झाली आणि सुनेत्राला आपल्या निवडीचीच लाज वाटू लागली. तिने कपाट पुन्हा उपसलं. काय चुकतंय, भाषा जड पडतेय का, छपाई बारीक आहे का, असं म्हणत ती घरी येऊन डहाळ्या मांडून बसली.

माधव कचेरीतून आला, चपला काढता काढता बघून म्हणाला, "लीना झोपली की तिच्या नाकाशी बोट धरतेसच. आता पुस्तकांच्याही नाकाशी धरायला लागलीस?"

ती हसली नाही. कारण त्याच क्षणी तिला लीनाच्या जन्मानंतरचा पावसाळा आठवला. आठवला म्हणजे काय, एक पान आठवलं. मासिकातल्या एका कथेचं ते पान तिने दोन महिने वाचलं होतं. रोज तेच. ओळी दिसत, शब्द कळत आणि पानाच्या तळाशी गेलं की वर काय होतं ते गेलेलं असे. पाळण्यात मूल रडत असे आणि तिला वाटे, कुणाचं तरी मूल रडतंय. तेव्हा कोल्हापूरला आई होती, दोन मावश्या होत्या. कुणी त्याला नाव दिलं नाही, पण तिला कुणी एकटीलाही सोडलं नाही. पुढे केव्हातरी ते पान उलटलं गेलं.

इतके दिवस ती पुस्तकांत चूक शोधत होती. नऊ वेगळी पुस्तकं एकाच जागी थांबली होती, आणि तिला त्यातून वाचणारी बाई दिसली नव्हती. काकूंचा सल्ला तिने मोडला असं तिला वाटत होतं. नेमका जिथे मोडायला हवा होता तिथेच पाळला होता.

मधे मे महिन्यात रेल्वेचा संप झाला होता. शुभदाच्या आईचं तिकीट गेलं. संप मिटला, पण पुढचं आरक्षण जुलैअखेरचं मिळालं. रत्नप्रभाबाईंचंही पुण्याला जाणं राहिलं, त्यामुळे त्या बंगल्यात कूलरसमोर बसून आल्यागेल्याला संपाबद्दल सुनावत होत्या.

सुनेत्रा लीनाला घेऊन शुभदाकडे गेली. भर अकराची वेळ. घर नको इतकं नीटनेटकं होतं. दोरीवर लंगोट एका मापात वाळत होते. बाळ तीट लावून स्वच्छ निजलेलं. शुभदाचे केस विंचरलेले, पण ती एकच कप पुन्हा पुन्हा पुसत होती.

"पुस्तकं आवडली?" सुनेत्राने विचारलं.

"हो, छान होती."

"त्या बंगल्यातल्या माळ्याचं काय झालं शेवटी?"

शुभदाने कप खाली ठेवला. "कुठला माळी, ताई?"

"पहिल्याच पानावर आहे तो."

तिने कप परत उचलून पुसायला घेतला. लीना बाळाजवळ जाऊन म्हणाली, "कितनी छोटी है." मग शुभदा अगदी सरळ आवाजात, जणू भाजीचं काही सांगतेय अशी म्हणाली, "मी ओळी वाचते. मन लावून वाचते. पण काही राहत नाही. आणि हिला बघूनही मला काही होत नाही, ताई. मी सगळं करते तिचं. पण काही होत नाही. कुणाला सांगू नका."

"श्रीपादरावांना माहीत आहे?"

"ते म्हणतात, पुस्तकं आहेत ना, मन रमव."

सुनेत्रा तिथून थेट सेक्टर सातला गेली. शुभदाचं बोलणं तिने सांगितलं नाही. फक्त डहाळ्यांचं सांगितलं.

रत्नप्रभाबाई हसल्या. "अगं, कडुनिंबाच्या काडीवरून रोग ओळखायला लागलीस? बाळंतिणीला झोप नाही, वाचणार काय? आम्हाला तीन झाली. मी तर तीन वर्षं वर्तमानपत्रसुद्धा बघितलं नाही."

"तुम्ही पुस्तक उघडलंच नाहीत. ही उघडतेय. नऊ वेळा उघडलंय तिने."

"मग?"

"मला ते निळं पुस्तक हवंय, खालच्या फळीवरचं."

निळ्या पुठ्ठ्याचं ते पातळ पुस्तक सगळ्यांना माहीत होतं आणि फारसं कुणी वाचलेलं नव्हतं. एक बाई बाळंत होते, सगळं यथासांग होतं आणि तिला काहीही वाटेनासं होतं. एवढीच गोष्ट. विहिरीच्या काठावर ती रोज जाऊन बसते. एक दिवस शेजारीण ताक मागायला येते आणि ताक मिळाल्यावरही जात नाही. तिथेच बसून राहते, दुसऱ्या दिवशीही येते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ते पेटीत घातलं होतं तेव्हा रत्नप्रभाबाईंनी काढून टाकलं आणि झाकणावर नियम लिहिला.

"ते नाही," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्याच्या दिवसांत, त्यातून बाळंतिणीला? तिला हसव. पोट धरून हसेल असं दे काहीतरी."

"हसण्याची तीन दिली. अकराव्या-तेराव्या पानावर आहेत."

"सुनेत्रा, तुला पुस्तकं निवडायला सांगितलंय. औषधं द्यायला नाही."

हे खरं होतं, म्हणून तिने दोन्ही कामं वेगवेगळी केली. पीजीआय रुग्णालयातल्या डॉक्टर वंदनाताईंना, त्याही मंडळातल्याच, तिने फोन करून नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, हा आजार असतो, औषध असतं, घेऊन या, आणि तोवर एकटीला फार वेळ ठेवू नका. दुसरं काम तिने चौथ्या फेरीच्या सकाळी केलं. कपाटाची किल्ली तिच्याच पदराला होती. बाई समोर बसलेल्या असताना तिने खालच्या फळीवरचं निळं पुस्तक काढलं, शुभदाच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं आणि नाडीची गाठ मारली.

"मी नको म्हटलंय," बाई म्हणाल्या.

"ऐकलं मी," सुनेत्रा म्हणाली आणि पेटी रिक्षात चढवली.

घरी आल्यावर मात्र कणीक मळताना मीठ घातलं की नाही ते तिला आठवेना. आपल्याला जे पुस्तक आधार वाटतं तेच दुसऱ्याला विहिरीचा रस्ता दाखवणारं निघालं तर? तिने कणीक तशीच झाकली, लीनाच्या पायात चपला अडकवल्या आणि सेक्टर वीस गाठलं. त्यानंतर ती रोज अकराला तिथे जाऊ लागली. पहिल्या दिवशी दही मागायला. दुसऱ्या दिवशी विरजण मागायला. तिसऱ्या दिवशी शुभदा म्हणाली, "ताई, तुमच्याकडे दूध नासतं का रोज?" आणि तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

चौथ्या दिवशी सुनेत्रा गेली तर दार श्रीपादने उघडलं. कचेरीचा दिवस असूनही घरी, दाढी वाढलेली.

"वहिनी, तुम्ही काय दिलंत तिला वाचायला?" तो म्हणाला. "कालपासून रडतेय. बाळाला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, माझ्याजवळ ठेवू नका."

रविवारी मंडळाची बैठक बसली, रत्नप्रभाबाईंच्या व्हरांड्यात. पन्ह्याचे पेले फिरले. श्रीपाद खाली मान घालून बसला होता. सगळे सुनेत्राकडे बघत होते, वामनराव सोडून. ते पेल्याकडे बघत होते.

"मी सांगितलं होतं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "बजावून सांगितलं होतं. चांगल्या चाललेल्या पोरीला रडवलंस."

"ती आधीपासून रडत होती," सुनेत्रा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "तिला ते बाहेर काढता येत नव्हतं. पुस्तकामुळे तुम्हाला कळलं, एवढंच."

"म्हणजे तुझं काही चुकलं नाही?"

"चुकलं. नऊ पुस्तकं वाया घालवली मी, पहिल्याच फेरीला तिच्या घरी जायला हवं होतं." ती श्रीपादकडे वळली. "डहाळी कुठे आहे हो, श्रीपादराव? निळ्या पुस्तकात?"

त्याने वर बघितलं. त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. "डहाळी... शेवटच्या पानात आहे बहुतेक. काल दुपारी परत पहिल्यापासून वाचत होती."

शालिनीबाईंनी पेला खाली ठेवला.

"बाळाला तुमच्या हातात दिलं तिने," सुनेत्रा म्हणाली. "दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. तुम्हाला त्यात रडणं दिसलं. मला त्यात अक्कल दिसली. उद्या नऊ वाजता वंदनाताई ओपीडीत आहेत. तुम्ही रजा काढा, मी बाळाला घेते."

"आणि पेटी?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा खाली आला होता, पण नियम तो नियम. "अशानं पेटी तुझ्याकडे ठेवता येणार नाही."

सुनेत्राने पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली, आणि तेवढा वेळ सगळे थांबले. किल्ली तिने पन्ह्याच्या तबकात ठेवली.

"ठेवा. निवडा हलकंफुलकं. पण डहाळ्या बघत जा."

श्रीपादने रजा काढली. औषध सुरू झालं. पहिले पंधरा दिवस काही फरक दिसेना, उलट शुभदा दिवसभर झोपाळलेली असे. मग एका सकाळी बाळ शिंकलं आणि ती चटकन वळून बघती झाली, एवढंच. पण सुनेत्राने ते बघितलं. वंदनाताई म्हणाल्या, मधे मधे वाईट दिवस येतील, चांगल्या दिवसांना फसून औषध सोडू नका आणि एकटी पाडू नका.

आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात माधवच्या बदलीचा हुकूम आला. हैदराबाद. वीस तारखेला इथून निघायचं. शुभदाची आई पोचणार एकतीसला.

"अकरा दिवस," सुनेत्रा माधवला म्हणाली. "मधे अकरा दिवस आहेत, आणि श्रीपादराव साडेनऊला घर सोडतात ते सहाला येतात."

"अगं, मंडळातल्या कुणाला तरी सांग."

"कुणाला सांगू? मान सगळेच डोलावतात. मीही डोलावली होती काकूंपुढे."

योगायोग असा की शेवटच्या फेरीत पेटी आधी तिच्या घरी आली, इतर घरांसारखी, गठ्ठा काढून घेण्यापुरती. गठ्ठे रत्नप्रभाबाईंनी बांधलेले. सुनेत्राने आपला सोडला तर दोन विनोदी पुस्तकांखाली ते निळं पुस्तक होतं. त्यावर काही चिठ्ठी नव्हती. बाईंनी ते का घातलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. पानं उलटून बघितली तर अठ्ठाविसाव्या पानावर ताजी डहाळी होती, आणि ती शुभदाची नव्हती. बाईंच्या बंगल्यातल्या बकाणाच्या, कडुनिंबासारख्याच दिसणाऱ्या झाडाची होती. बाईंना आयुष्यभर बकाण आणि कडुनिंबातला फरक कळला नव्हता.

त्या दुपारी पेटी घरीच ठेवून सुनेत्रा सेक्टर वीसला गेली आणि शुभदाला तिने सरळ विचारलं. "मी पेटीत लिहू का? सगळे वाचतील. नको म्हणालीस तर नाही लिहिणार."

शुभदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचार केला. "लिहा," ती म्हणाली. "पण बिचारी वगैरे लिहू नका. आणि दही मागायला पाठवू नका कुणाला. आमच्याकडे दहीच उरत नाही."

घरी येऊन सुनेत्राने सामानातून शाई आणि डिंकाची बाटली काढली. वहीचा दुहेरी कागद फाडला, लिहिला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, रत्नप्रभाबाईंच्या नियमावरच चिकटवला. चारही कडा तळव्याने दाबून बसवल्या.

"क्या लिखा है?" लीनाने विचारलं.

सुनेत्राने तिला वाचून दाखवलं.

'पेटी उघडणाऱ्यांना,

गठ्ठा सोडण्याआधी हे वाचा. सेक्टर वीसमध्ये, पाण्याच्या टाकीसमोरच्या घरात, वरच्या मजल्यावर शुभदा राहते. तिला बाळंतपणानंतरचा आजार झाला आहे आणि ती बरी होते आहे. हे तिला विचारूनच लिहिलं आहे. वीस ते एकतीस जुलै या दिवसांत ती सकाळी साडेनऊ ते सहा बाळाबरोबर एकटी असेल. अकराचा सुमार सगळ्यात जड जातो. पुस्तक द्यायला म्हणून गेलात तरी चालेल, पण देऊन लगेच उठू नका. कशी आहेस विचारलंत तर ती छान म्हणेल. म्हणून वाचते आहे त्यात पुढे काय झालं ते विचारा. सांगता आलं तर ऐकत बसा. सांगता आलं नाही तर त्या दिवशी श्रीपादराव येईपर्यंत तिथेच थांबा आणि वंदनाताईंना कळवा.

मी इथे नसेन. तुम्ही आहात. पुस्तकं नंतर निवडा. आधी तिच्याकडे जाऊन या.'